गळा म्हणजे नळ नव्हे


इंग्लंडची गायिका अ‍ॅडेल आमच्या ताईची फार लाडकी. तिचा ‘२१’ हा अल्बम २०११ साली आला आणि पुढचा ‘२५’ थेट नोव्हेंबर २०१५ मध्ये. (अल्बमला ती आपल्या वयाचा आकडा देते, आहे की नाही गंमत!) मधल्या काळात चाहते ‘नवी गाणी कधी?’ म्हणून अगदी हटून बसले. मला हे पटत नाही. २०११ मध्येच तिच्या गळ्याचे ऑपरेशन झाले होते. पुढच्या वर्षी बाळ झाले. गळा काय नळ आहे, तोटी फिरवली की गाणे? आणि ‘२५’ आला तेव्हा अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ३३ लाखांवर प्रती खपल्या! म्हणजे थांबणारे थांबलेच होते. ‘३०’ तर २०२१ साली आला. ताई म्हणते, ‘फार छळते बाई ही!’ मी म्हणतो, अगं, तोवर जुनी ऐक की!