शेरा कोणाच्या नांवावर?

मुलाला गणितांत गुण कमी पडले कीं “त्याला त्या विषयाचें डोकेंच नाहीं” असें म्हणून मोकळें होण्याची आपल्या सुशिक्षित घरांत जुनी चाल आहे. ऑक्टोबर २०२४ मध्यें या चालीला सरकारी कागदावर जागा मिळण्याची वेळ आली. महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यांत अशी तरतूद सुचविण्यांत आली कीं, दहावीस गणितांत किंवा विज्ञानांत ३५ पेक्षां कमी, पण निदान २० गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास अकरावीचें दार मोकळें ठेवावें. मात्र पुढें हे विषय त्याला घेतां येणार नाहींत, असा शेरा त्याच्या गुणपत्रकावर मारावा. यावर दोन पक्ष पडले. एक म्हणाला, मुलांच्या डोक्यावरचें ओझें उतरलें. दुसरा म्हणाला, विद्येची किंमत उतरली. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष एकाच जकातनाक्यावर उभे राहून भांडत आहेत. एकाला जकात कमी हवी, दुसऱ्याला जास्त. नाक्यापलीकडे जो मुलूख पसरला आहे, त्याची वार्ता दोघांच्याही तोंडीं नाहीं.

तो मुलूख फार दूर नाहीं. कल्याणच्या पुढें उल्हास नदीच्या कांठीं मोहने गांव आहे. तेथें उन्हाळ्यांत नदीच्या पात्रावर जलपर्णी पसरते, हें त्या गांवच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतें. अनुकूल हवापाण्यांत ही वनस्पति सुमारें दोन आठवड्यांत दुप्पट होऊं शकते. आतां समजा, पात्राचा सोळावा हिस्सा झांकला गेला आहे. कांठावरचा गृहस्थ म्हणेल, पंधरा हिस्से तर मोकळे आहेत, घाई कसली? परंतु वाढ त्याच वेगानें चालली तर दोन आठवड्यांनीं आठवा हिस्सा, चार आठवड्यांनीं चतुर्थांश, सहा आठवड्यांनीं अर्धें पात्र आणि आठ आठवड्यांनीं सारेंच पात्र झांकलें जाईल. उरलेलें अर्धें पात्र शेवटच्या दोनच आठवड्यांत जातें! अर्धी नदी हिरवी झाल्यावर जो धांवाधांव करतो, त्याला बुद्धि नसते असें नव्हे; दुपटीचा हिशेब डोळ्यांनीं पाहण्यास त्याला कोणीं शिकविलेलें नसतें. पुस्तकांत यालाच भूमिती श्रेढी म्हणतात. मोहन्याचा मुलगा पुढें केव्हां तरी तिचें सूत्र घोकतो, आणि तीच श्रेढी लहानपणापासून नदीवर पाहत आलेला असतो. पण दोहोंची गांठ कोणी घालून देत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, “मग व्यवहारी गणित शिकवा, वाण्याचा हिशेब, व्याज, नफातोटा!” हा उपाय अर्धाच आहे. बेरीज-वजाबाकी आतां खिशांतलें यंत्र करून देतें. काय मोजावें, कशाशीं ताडून पाहावें आणि “हें असेंच कां?” म्हणून कोठें थबकावें, हें मात्र पाहणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें. गणिताचा खरा आरंभ त्या थबकण्यांत आहे.

याचा दाखला याच रेल्वेमार्गावर सांपडतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीचे शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १, १२१, १२३२१ यांसारख्या ज्या संख्यांना त्यांनीं ‘डेम्लो’ हें नांव दिलें, तें त्या काळच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनावरून. कारण ही कल्पना त्यांना तेथेंच सुचली. रोज लाखों माणसें त्या फलाटावर उभीं असतात. त्यांचा दुसरा शोध तर नुसत्या वजाबाकीचा आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करा, आणि येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हां करा. उपरोक्त आराखड्याचें साल २०२४ हेंच घेऊं. ४२२० मधून ०२२४ गेले, उरले ३९९६; ९९६३ मधून ३६९९ गेले, ६२६४; ६६४२ मधून २४६६ गेले, ४१७६; ७६४१ मधून १४६७ गेले, ६१७४. यापुढें उत्तर बदलतच नाहीं! कोठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ गांठलेंच. ही क्रिया चौथींतलें मूल करील. तें कापरेकर होणार नाहीं, हें आम्हांसही कळतें. परंतु गाणें शिकणारें प्रत्येक मूल गवई होत नाहीं, म्हणून त्याला सूर ऐकूंच द्यावयाचा नाहीं काय?

शेऱ्याचा घाव कोणावर बसेल, हेंही पाहिलें पाहिजे. ज्याच्या बापाला खासगी शिकवणीची फी परवडते, तो तीन महिन्यांत २० चे ३५ करील. मोहन्याचा रेयॉनचा कारखाना २००९ सालीं बंद पडला. अशा बंद गिरणीच्या छायेंत वाढलेल्या मुलीला पंधराव्या वर्षीं मिळालेला शेरा मात्र आयुष्यभर पुरेल. तिला दार उघडून दिल्याचें पुण्य आपण घ्यावयाचें आणि आंतल्या अर्ध्या खोल्यांना कुलूप घालावयाचें, ही कसली दया?

आमचें मागणें मोठें नाहीं. दहावीच्या गणिताचे ८० गुण लेखी परीक्षेचे व २० शाळेच्या हातचे असतात. या २० पैकीं निदान १० गुण विद्यार्थ्यानें स्वतः हेरलेल्या व मोजलेल्या एका प्रश्नास द्यावेत: जलपर्णी आठवड्यांत किती सरकली, आंबिवलीस थांबणाऱ्या दोन गाड्यांत सकाळीं किती अंतर व दुपारीं किती, चाळीच्या गळक्या नळांतून दिवसाला किती बादल्या पाणी गेलें. चुकल्यास पुन्हां मोजावें. आणि घरीं आईबापांनीं “किती गुण पडले?” या प्रश्नाआधीं “आज काय मोजलेंस?” हा प्रश्न विचारावा. इतकें केल्यावरही एखादें मूल मागें राहिलें, तर त्याच्या शेऱ्याचा विचार मग करूं. तोंवर “यांस गणित येत नाहीं” हा शेरा मुलांच्या नांवावर नव्हे, तर तें त्यांना कधींच न दाखविणाऱ्या आपणां वडील मंडळींच्या नांवावर मारला पाहिजे.