भिंतीच्या पोटातलं फडताळ
परवा सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरात सुतार आला, टेप लावून म्हणाला, "काका, वॉर्डरोबला २ फूट जाणारच." खोटं नाही, हँगरच दीड फुटाचा, वर दाराची जाडी. पण १० बाय १० च्या खोलीत भिंतभर कपाट म्हणजे २० चौरस फूट, पाचवा हिस्सा, शर्टांच्या नावे! वाड्याच्या हातभर जाड भिंतींत आजीची फडताळं होती, जमिनीचा इंचही न खाणारी. ती आम्हीच विटा घालून बुजवली, वर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट फासला. तेव्हा त्याला सुधारणा म्हणत. माझ्या मते फडताळं आधी उकरावीत आणि कपड्यांच्या घड्या घालाव्यात. पैठणीसुद्धा टांगण्यापेक्षा मलमलीत गुंडाळून बरी राहते. हे मी घरात बोललोही. तोवर सुताराला आगाऊ रक्कम पोचली होती.