केस परत येतात, मन सांभाळा

भगिनींनो, वणी-पुसदच्या बायांसोबत आम्ही नागपूरच्या तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात जातो, तेव्हा त्या मरणाचे नव्हे, केसांचे आधी विचारतात.

किमोच्या सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत. जातात तेव्हा दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात आणि उपचार संपल्यावर बहुधा परत येतात. आधीच केस बारीक करून घ्यावेत. डोक्याला मऊ सुती रुमाल बांधावा. वासाचा साबण, डाय टाळावा. भुवया पेन्सिलीने काढल्या तर कोणी नखरा म्हणू नये. त्याने आरशात बघायची हिंमत येते.

आणि घरच्यांनो, कॅन्सर लागट नाही. तिचे ताट वेगळे करू नका. वेगळ्या ताटाचे दुःख आपल्या आजा-आजीने भोगले आहे. तिच्याजवळ बसून जेवा.