दूध न पचणे हा अपराध नव्हे

दूध हे पूर्णान्न आहे, हे वाक्य मराठी मूल ज्या वयात पाढे शिकते त्याच वयात शिकते. पाढ्यांप्रमाणेच त्याच्या खरेपणाविषयी पुढे कोणी प्रश्न विचारीत नाही. परिणामी, दुधाचा पेला पाहून तोंड फिरविणारे मूल हट्टी ठरते आणि दूध घेतल्यावर पोट बिघडते असे सांगणारा प्रौढ माणूस नाजूक प्रकृतीचा. पोट फुगणे, गुडगुडणे, कळ येणे, पातळ शौचाला होणे ही लक्षणे कधी पित्ताच्या, तर कधी वाताच्या नावावर खपविली जातात. वर्षानुवर्षे चूर्णे आणि गोळ्या घेतल्या जातात. सकाळचा पेला मात्र निर्दोष मानला जातो.

वस्तुतः या तक्रारीचे कारण साधे आहे. दुधात लॅक्टोज नावाची दुग्धशर्करा असते. ती रक्तात शोषली जाण्यापूर्वी तिचे विघटन व्हावे लागते आणि हे काम लहान आतड्यात तयार होणारे लॅक्टेज हे विकर करते. लॅक्टेज अपुरे पडले की ती शर्करा तशीच मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते आणि तेथील जिवाणूंच्या तावडीत सापडून आंबते. त्यातून वायू निर्माण होतो आणि पुढचा सारा त्रास उद्भवतो. यात आतड्याला इजा होत नाही. त्रास खरा असतो. पण तो रोग नव्हे.

किंबहुना, निसर्गाचा मूळ नियमच तसा आहे. आईचे दूध सुटले की सस्तन प्राण्यांत लॅक्टेजची निर्मिती ओसरू लागते. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढ माणसांतही हेच घडते. ज्यांना मोठेपणी पेलाभर दूध निर्वेध पचते तेच अपवाद आहेत. अमेरिकेत १९६६ साली संशोधकांना गोऱ्या प्रौढांपेक्षा कृष्णवर्णीय प्रौढांत हे न पचण्याचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले आणि ज्याला विकृती मानले जात होते त्याकडे नव्याने पाहणे भाग पडले. २००२ साली फिनलंडमधील शास्त्रज्ञांनी ही पचनशक्ती टिकविणारा जनुकीय बदल शोधून काढला. पशुपालनाच्या गेल्या काही हजार वर्षांत तो पसरत गेला. भारतीयांमध्येही तोच बदल असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. पशुपालक समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे आणि वायव्येकडून दक्षिणेकडे व पूर्वेकडे जाता ते घटत जाते. एकाच वर्गातील दोन मुलांपैकी एकाला दूध पचावे आणि दुसऱ्याला पचू नये, यात नवल ते काय?

मात्र दूध अजिबात वर्ज्य करणे हाही विवेक नव्हे. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज फारसा त्रास न होता सोसते. एका पेल्यात साधारण तेवढेच असते. रिकाम्या पोटी घेतलेला पेला बाधतो, जेवणाबरोबर घेतलेला अर्धा पेला बाधत नाही, असा अनुभव म्हणूनच येतो. दह्यातील जिवाणू काही शर्करा आधीच संपवितात आणि उरलेली पचविण्यासही हातभार लावतात. ताकात पाणी मिसळल्याने ती आणखी विरळ होते. पनीर करताना ती बहुतांशी पाण्याबरोबर निघून जाते. तुपात जवळजवळ नसतेच. उलट दूध आटवून केलेल्या बासुंदीत आणि खव्याच्या पेढ्यात ती एकवटते. जेवणाच्या शेवटी ताकभात वाढणाऱ्या घरांनी रसायनशास्त्र न शिकताही या प्रश्नाचे उत्तर शोधले होते, असेच म्हणावे लागेल.

दूध सोडणाऱ्याने कॅल्शियमची भरपाई मात्र केलीच पाहिजे. अन्यथा पोटाची तक्रार मिटून हाडांची सुरू व्हायची. शंभर ग्रॅम दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच नाचणीत त्याच्या जवळजवळ तिप्पट. तीळ आणि काट्यांसह खाल्ली जाणारी बारीक मासळी याही याच कामाच्या वस्तू आहेत.

निदान मात्र अंदाजाने करू नये. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी ही निराळी आणि प्रसंगी जिवावर बेतणारी गोष्ट आहे. जुलाबाच्या आजारानंतर लहान मुलांत लॅक्टेज तात्पुरते कमी होते व पुढे पूर्ववत होते. तेवढ्यावरून तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध तोडणे हा अनर्थ होय. वजन घटणे, शौचावाटे रक्त जाणे, पंडुरोग अशी लक्षणे असतील तर दोष दुधावर न टाकता डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. श्वासातील हायड्रोजन मोजून लॅक्टोजचे पचन तपासण्याची सोपी परीक्षाही उपलब्ध आहे.

प्रश्न केवळ घरापुरता नाही. भारत १९९८ पासून जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश आहे, ही अभिमानाचीच गोष्ट. शाळांतून दूध वाटण्याच्या योजनाही स्वागतार्ह आहेत. कर्नाटकाने २०१३ साली अशी योजना सुरू केली. परंतु कुपोषित मुलाच्या हाती दिलेला पेला त्याला पचतो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी देणाऱ्याचीच असते. दुधाऐवजी दही, ताक, नाचणी अथवा शेंगदाण्याचा लाडू यांची निवड ठेवणे हे काही अशक्यप्राय काम नव्हे. वसतिगृहाच्या अधीक्षकाने आणि वर्गशिक्षकाने एवढे जाणले की पेला बाजूला सारणारे मूल शिस्तभंग करीत नाही, तरी पुष्कळ साधेल. पोषणाचा हेतू मूल सुदृढ व्हावे हा आहे, पेला रिकामा व्हावा हा नव्हे.