आधी कोणती भट्टी विझवावी?

१५ एप्रिल २०२३ रोजी जर्मनीने आपल्या अखेरच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, आणि दुसऱ्याच दिवशी फिनलंडच्या ओल्किलुओटो बेटावरील तिसऱ्या अणुभट्टीतून नियमित वीजउत्पादन सुरू झाले. विज्ञानात सारख्याच प्रवीण अशा दोन लोकशाही राष्ट्रांनी एकाच प्रश्नाला एका दिवसाच्या अंतराने परस्परविरुद्ध उत्तरे द्यावीत हा योगायोग खरा. तथापि त्यांतील अधिक विवेकाचे उत्तर कोणते याचा निवाडा करणे अशक्य नाही, आणि माझ्या मते तो फिनलंडच्या बाजूने द्यावा लागतो.

जर्मनीची भीती पोकळ होती असे मात्र कोणी समजू नये. १९८६ साली चेर्नोबिलची भट्टी फुटली तेव्हा तिच्यातील किरणोत्सारी द्रव्य वाऱ्याबरोबर शेकडो कोस वाहत आले, बव्हेरियाच्या अरण्यांवर पावसातून उतरले, आणि तेथील रानडुकरांच्या मांसात त्याचा अंश कित्येक दशके लोटल्यावरही आढळत राहिला. ज्या आयांनी त्या वर्षी आपल्या मुलांना वाळूत खेळू दिले नाही, त्यांच्या मनात बसलेली धास्ती आकडेवारी दाखवून निघण्यासारखी नव्हती. २००० साली तेथील सरकारने अणुवीज क्रमाक्रमाने बंद करण्याचा करार वीज कंपन्यांशी केला, २०१० साली अँगेला मर्केल यांच्या सरकारने भट्ट्यांना मुदतवाढ दिली, आणि पुढच्याच मार्चमध्ये फुकुशिमाचा अनर्थ ओढवताच काही दिवसांत जुन्या भट्ट्या थांबवण्याचा हुकूम त्याच सरकारने काढला.

माझा आक्षेप या भीतीवर नाही, क्रमावर आहे. पवनचक्क्या आणि सौर तावदाने यांनी अणुविजेची पोकळी बरीचशी भरून काढली हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु नव्याने हाती आलेली हीच स्वच्छ वीज, अणुभट्ट्या चालू असत्या तर, कोळशाच्या भट्ट्या विझवण्याच्या कामी आली असती. ते झाले नाही, आणि त्याची किंमत कोणी दिली हे पाहायचे असेल तर ऱ्हाइनलंडातील गार्झवायलरच्या लिग्नाइट खाणीच्या काठाशी जावे. इमेराथ गावचे दोन मनोऱ्यांचे दगडी प्रार्थनामंदिर जानेवारी २०१८ मध्ये यंत्रांनी पाडले, कारण त्याच्या पायाखाली कोळसा होता. पाच वर्षांनी, पुन्हा जानेवारीतच, शेजारच्या लुट्झेराथची पाळी आली. मूळचे रहिवासी गाव सोडून गेले होते. रिकाम्या घरांत आणि झाडांवर बांधलेल्या माचांवर ठाण मांडून बसलेल्या तरुणतरुणींना पोलिसांनी गुडघाभर चिखलातून एकेक करून उचलून नेले, आणि घरे भुईसपाट करण्यात आली. तेथून तीन महिन्यांच्या आत, सुस्थितीत चालणाऱ्या आणि धूर न ओकणाऱ्या त्या तीन भट्ट्या थंड झाल्या. कोळशाचा धूर दररोज माणसे मारतो, पण एका रात्रीत मारत नाही, म्हणून त्याच्या भीतीने सरकारे हलत नाहीत. ही गोष्ट मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

अणुकचऱ्याचे काय, हा प्रश्न रास्त आहे. गोर्लेबेनच्या मिठाच्या थरांत तो पुरण्याच्या तजविजीवर जर्मनीत कित्येक दशके कलह चालला आणि २०२० साली ती जागा यादीतून वगळण्यात आली. पण भट्टी बंद केल्याने साठलेला कचरा नाहीसा होत नाही; त्याची राखण करावीच लागते. फिनलंडने त्याच ओल्किलुओटोत चारशे मीटरहून खोल खडकात ओंकालो नावाचे भुयार खोदले असून, तांब्याच्या पेट्यांत बंद केलेले जळके इंधन चिकणमातीच्या वेष्टनात तेथे कायमचे ठेवावयाचे आहे.

फिनलंडचेही सारे सुरळीत झाले नाही. २००५ साली बांधकाम सुरू झालेली ती भट्टी चार वर्षांत पुरी व्हावयाची होती, तिला अठरा लागली. म्हणून चालू आणि निर्धोक भट्ट्या राखाव्यात असे मी निःशंकपणे म्हणतो, पण नव्या उभारण्याविषयी तितक्या सहजपणे म्हणू शकत नाही. हे आपल्याला परके नाही: रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूर येथे याच जातीच्या सहा भट्ट्या, एकूण सुमारे दहा हजार मेगावॅटच्या, उभारण्याची योजना आहे. तारापूरच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, आणि जैतापूरच्या वादात एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका माणसाचा जीव गेला. भट्टीतून समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्याने मासळी दूर जाईल काय, हा तेथील कोळ्यांचा सवाल विज्ञानविरोधी नव्हे. ज्याचे सारे वर्ष जाळ्यावर अवलंबून असते त्याने तो विचारलाच पाहिजे, आणि सरकारने त्याचे उत्तर मोजमापांसह मराठीत दिले पाहिजे.

अशी योजना आपल्या हद्दीत नको असेल तर ती साफ नाकारण्याचा अधिकार फिनलंडच्या कायद्याने स्थानिक पंचायतीला दिला आहे. ओंकालोचा प्रश्न जानेवारी २००० मध्ये एउरायोकीच्या पंचायतीपुढे आला, तेव्हा २० सदस्यांनी होकार दिला आणि ७ जणांनी नकार. जैतापूरच्या भट्ट्यांसाठी माडबनच्या सड्यावर पहिला दगड रचण्यापूर्वी तेथील ग्रामसभेला तोच अधिकार, तितक्याच स्पष्ट कायद्याने, मिळावा. आणि तिने नकार दिला तर तो नकार सरकारदरबारी अखेरचा मानला जावा.