कौशल्याचा दुष्काळ नव्हे, कौशल्याची लूट
मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांतील कामगारांच्या प्रश्नाचे खरे स्वरूप

देशातील नद्यांची गटारे झाली आहेत, ही गोष्ट आता सरकारही नाकारीत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार देशाच्या शहरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होते. ते शुद्ध करण्यासाठी उभारलेल्या केंद्रांची क्षमता होती ३१,८४१ दशलक्ष लिटर; आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती अवघ्या २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे दर शंभर लिटरांपैकी बहात्तर लिटर मैला जसाच्या तसा नदीनाल्यांत, खाडीत आणि गरिबांच्या वस्त्यांत जात होता. त्याहूनही बोलका आकडा दुसरा आहे. स्थापित म्हणून नोंदलेल्या क्षमतेपैकी ११,६०५ दशलक्ष लिटर क्षमता वापरात नव्हती. जनतेच्या पैशातून टाक्या बांधल्या गेल्या, कोनशिला बसल्या, फिती कापल्या गेल्या. पाणी मात्र शुद्ध झाले नाही.

या अपयशाची कारणे अनेक आहेत. कोठे घरांपासून केंद्रापर्यंत मलवाहिन्याच टाकलेल्या नाहीत, कोठे वीज टिकत नाही, कोठे विजेचे बिल भरायला नगरपालिकेच्या तिजोरीत पैसा नाही. परंतु सरकारी अहवालांत आणि परिसंवादांत एक कारण मंत्रासारखे जपले जाते: ‘कुशल मनुष्यबळाचा अभाव’. कामगार अडाणी आहे, त्याला यंत्र कळत नाही, म्हणून केंद्र चालत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. हा आरोप तपासून पाहिला पाहिजे. कारण तो ज्यांच्यावर केला जातो त्यांना उत्तर देण्यासाठी कोणी व्यासपीठावर बोलावीत नाही.

हे काम आहे तरी काय?

मैलापाणी शुद्ध करण्याची जी पद्धत आज जगभर सर्वाधिक रूढ आहे, ती १९१४ साली मँचेस्टरजवळच्या डेव्हिहल्म केंद्रावरील आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी मांडली. पाण्यात हवा सोडून जिवाणू वाढवायचे, त्यांच्याकडून घाण खाववून घ्यायची, मग त्या जिवाणूंचा गाळ खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी पुढे सोडायचे आणि गाळाचा काही भाग पुन्हा टाकीत परत घ्यायचा. तत्त्व सोपे आहे. पण हे यंत्र जिवंत आहे. लोखंडी यंत्र आज बंद केले तर उद्या पुन्हा सुरू करता येते. वायुवीजन टाकीतील जिवाणूंचा प्राणवायू काही तास तोडला तर ते मरू लागतात, आणि टाकी पुन्हा सावरायला दिवस, कधी आठवडे लागतात.

हे काम कामगार पायरीपायरीने शिकतो. पहिल्या पायरीवर तो जाळीत अडकलेल्या चिंध्या व प्लास्टिक काढतो, रेतीच्या कुंडातील रेती उपसतो. दुसऱ्या पायरीवर तो पंप, ब्लोअर व व्हॉल्व्ह हाताळतो, तासातासाला नोंदवही भरतो, पाण्याचे नमुने घेतो. तिसऱ्या पायरीवर तो प्रक्रियाच चालवू लागतो. टाकीतील पाणी एक लिटरच्या मोजपात्रात भरून अर्धा तास स्थिर ठेवतो आणि गाळ कोठवर बसला ते पाहतो. एक ग्रॅम गाळाने शंभर मिलिलिटरच्या आसपास जागा व्यापली तर टाकीची प्रकृती ठीक. दीडशेच्या पुढे गेली तर गाळ फुगतो आहे, तो बसणार नाही, पाण्याबरोबर वाहून जाईल. पांढरा, साबणासारखा फेस आला तर गाळ कोवळा आहे. दाट, गडद तपकिरी फेस आला तर तो जुना झाला आहे. निवळण टाकीत गाळाचे थर बुडबुड्यांसह वर येऊ लागले, तर तळाशी नायट्रोजन वायू सुटू लागला आहे. या खुणा वाचून किती गाळ परत घ्यायचा व किती काढून टाकायचा, हा निर्णय त्याला दररोज करावा लागतो. चौथ्या पायरीवर तो पाळीप्रमुख होतो. पावसाळ्यातील पहिला लोंढा, रात्रीच्या अंधारात एखाद्या कारखान्याने चोरून सोडलेले रसायन, बिघडू घातलेला ब्लोअर या सर्वांची चाहूल त्याला आधी लागते, आणि तोच नवख्यांना घडवितो.

याला अकुशल काम म्हणणाऱ्याने एकदा रात्रपाळीत त्या टाकीच्या काठावर उभे राहून निर्णय करून दाखवावा!

पायऱ्या कामात, सपाटी पगारात

कागदोपत्री ही शिडी सरकारला मान्य आहे. किमान वेतनाच्या अधिसूचनांत अकुशल, अर्धकुशल, कुशल व अतिकुशल असे चार वर्ग असतात. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट आली. सांडपाणी केंद्रातील मदतनीस आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम निघाले, प्रमाणपत्रे छापली गेली. केंद्रीय नगरविकास खात्याच्या २०१३ च्या मलनिस्सारण नियमावलीचा एक संपूर्ण भाग केंद्र चालविण्याला व देखभालीला वाहिलेला आहे.

प्रत्यक्षात काय घडते? केंद्र कंत्राटदाराच्या हाती जाते. जो ऑपरेटर गाळाचा निर्णय करतो, त्याचे नाव वेतनपत्रकात सर्रास ‘मदतनीस’ किंवा ‘सफाई कामगार’ म्हणून चढते. कंत्राटाची मुदत संपली की नवी निविदा निघते, नवा कंत्राटदार येतो, आणि दहा वर्षे तीच टाकी सांभाळणारा माणूस पुन्हा ‘नवीन भरती’ होतो. त्याची सेवाज्येष्ठता शून्यावर येते. अनेकदा त्याला काढून त्याहून स्वस्त माणूस आणला जातो, आणि त्या टाकीच्या स्वभावाचे दहा वर्षांचे ज्ञान फाटकाबाहेर फेकले जाते. नंतर तेच अधिकारी अहवालात लिहितात: कुशल मनुष्यबळाचा अभाव! ज्याने विहीर बुजविली त्यानेच दुष्काळाची हाकाटी करावी, असा हा प्रकार आहे.

हे कोणा एका कंत्राटदाराच्या दुष्टपणाचे फळ नाही. ते पद्धतीचेच गणित आहे. गंगा कृती योजना १९८६ साली सुरू झाली, ‘नमामि गंगे’ २०१४ साली. २०१६ पासून गंगेकाठच्या केंद्रांसाठी जी नवी भागीदारी-पद्धत स्वीकारली गेली, तिच्यात बांधकामाच्या काळात भांडवली खर्चाचे ४० टक्के सरकार देते, उरलेले ६० टक्के पंधरा वर्षांत हप्त्याहप्त्याने देते, आणि त्या काळात केंद्र चालविण्याचे कामही खासगी कंपनीकडेच राहते. मुंबईतील सात नव्या केंद्रांच्या निविदांतही बांधकामाबरोबर पंधरा वर्षांचे चालन जोडलेले आहे. रक्कम आधी ठरलेली असली की नफा वाढवायचा कशातून? विजेतून आणि मजुरीतून. ब्लोअर कमी वेळ चालवायचा आणि चार माणसांचे काम दोघांवर टाकायचे, हा या गणिताचा स्वाभाविक कल आहे.

खासगी मालकी म्हणजे कार्यक्षमता, असे ज्यांना वाटते त्यांनी इंग्लंडकडे पाहावे. १९८९ साली तेथील पाणी व मलनिस्सारण खासगी भांडवलाला विकले गेले. २०२१ साली त्यांपैकी ‘सदर्न वॉटर’ या कंपनीला मैलापाणी जाणूनबुजून समुद्रात व नद्यांत सोडल्याबद्दल नऊ कोटी पौंडांचा दंड झाला.

बॉयलर आणि नदी

या देशात कौशल्याला कायद्याचे संरक्षण देता येत नाही, असे मुळीच नाही. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या काळापासून बॉयलर चालविणाऱ्याला सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. त्यात पहिला व दुसरा असे वर्ग असतात, आणि बॉयलरच्या आकाराप्रमाणे चालकाची पात्रता ठरते. वायरमनलाही परवाना लागतो. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मैलापाणी केंद्राच्या ऑपरेटरांच्या पहिली ते पाचवी अशा पाच श्रेणी आहेत. केंद्र जितके मोठे व गुंतागुंतीचे, तितक्या वरच्या श्रेणीचा मनुष्य त्याच्या प्रमुखपदी असलाच पाहिजे. भांडवलशाहीच्या त्या बालेकिल्ल्यातही जे कायद्याने बंधनकारक आहे, तशी सक्तीची देशव्यापी परवाना-पद्धत भारतात नाही.

का नाही? बॉयलर फुटला तर मालकाचा कारखाना उडतो. नदी मेली तर मालकाचे काय जाते? नदीकाठच्या कोळ्याचे, शेतमजुराचे, झोपडीतील लेकराचे जाते. पाण्यासाठी मानके ठरतात: २०१७ च्या अधिसूचनेने महानगरांतील प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या जैवरासायनिक प्राणवायू-मागणीची मर्यादा लिटरला २० मिलिग्रॅम ठरविली, २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ती १० वर आणण्याचा आदेश दिला. ते पाणी ज्याच्या हातून घडायचे, त्याची पात्रता, वेतन आणि नोकरी यांसाठी मात्र कोणतेही मानक ठरत नाही.

किंमत कोण मोजतो?

१९ जुलै २०२३ रोजी उत्तराखंडातील चामोली येथे अलकनंदेच्या काठावरील शुद्धीकरण केंद्रात विजेचा प्रवाह उतरून सोळा माणसे मृत्युमुखी पडली. पहिला बळी केंद्रावरच्या कामगाराचा होता. त्याच्या मृत्यूच्या पंचनाम्यासाठी जमलेली माणसे नंतर त्याच प्रवाहाने मारली गेली. हे केंद्र ‘नमामि गंगे’खाली उभारलेले आणि खासगी कंत्राटदाराच्या ताब्यातील होते. टाकीच्या कठड्यात वीज उतरू शकते, गटारातील वायूचा कुजक्या अंड्यांसारखा वास एकाएकी येईनासा झाला तर धोका टळलेला नसून नाक बधिर झालेले असते, ही जाण म्हणजेच कौशल्य होय. ते नाकारणे म्हणजे कामगाराचा जीव स्वस्त ठरविणे.

आणि या शिडीच्या खालच्या पायरीला जात आहे. ‘नमस्ते’ योजनेखाली २०२४ पर्यंत नोंद झालेल्या सुमारे ३८,००० गटार व सेप्टिक टाकी कामगारांपैकी जवळजवळ ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गांतील आहेत. एकट्या अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के. जो जाळी साफ करतो त्याला मोजपात्राला हात लावू दिला जात नाही, यामागे केवळ कंत्राटदाराची काटकसर नाही. मैल्याचे काम ही अमुक माणसांची जन्मजात पायरी आहे, त्यांना वर चढविण्याचे कारण नाही, ही मनुवादी समजूत आणि नफ्याचे गणित येथे हातात हात घालून चालतात.

नव्या संहितेचा फास

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात निदान एवढे तत्त्व होते की काम बारमाही असेल तर तेथील कंत्राटी पद्धत सरकारला बंद करता येते. मैलापाण्याहून अधिक बारमाही काय असू शकते? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हे तत्त्वही गेले. आता कंत्राटी कामगारांबाबतच्या तरतुदी लागू होण्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा वीसवरून पन्नासवर नेली आहे. एका केंद्रावर पन्नास कंत्राटी कामगार असतात तरी कोठे? ‘मुख्य काम’ कंत्राटावर देण्यास मनाई आहे खरी. पण ज्या आस्थापनेचा तो मूळ उद्योग नाही तेथे सफाई आणि कचऱ्याची विल्हेवाट ही ‘मुख्य कामे’ गणलीच जात नाहीत. शिवाय जे काम सामान्यतः कंत्राटदारामार्फतच होते, त्याला मनाईतून सूट आहे. आधी काम कंत्राटदाराला द्यावयाचे आणि मग ते कंत्राटदारच करतो म्हणून कायदेशीर ठरवावयाचे, अशी ही चलाखी आहे.

दोन आक्षेप

संगणकीय नियंत्रण आले की ऑपरेटरची गरजच उरणार नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. संगणकाच्या पडद्यावर आकडा येतो तो टाकीत बुडविलेल्या संवेदकाकडून, आणि त्या संवेदकावर शेवाळ चढले तर आकडा खोटा येतो. तो खोटा आहे हे ओळखणारा डोळा कामगाराचाच असतो. नवी यंत्रे आली तर अधिक शिकलेला कामगार लागतो, कमी नव्हे.

दुसरा आक्षेप चळवळीतूनच येतो: श्रेणी पाडल्या तर कामगारांत फूट पडेल, मागणी फक्त कायम करण्याची असावी. ही भीती समजण्याजोगी आहे, पण निष्कर्ष बरोबर नाही. आजही श्रेणी आहेतच. त्या कंत्राटदाराच्या मर्जीत आहेत. जाळी काढणाऱ्याला पाळीप्रमुखापर्यंत चढण्याचा हक्क नियमाने मिळाला, प्रशिक्षण कामाच्या वेळेत व पूर्ण पगारावर मिळाले, परीक्षा त्याच्या मातृभाषेत झाली आणि तिच्यावर संघटनेची देखरेख राहिली, तर तीच शिडी एकजुटीचे साधन होते.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. शुद्धीकरण केंद्राचे चालन हे बारमाही व मुख्य काम आहे असे कायद्याने घोषित करा. सर्व ऑपरेटरांना व मदतनीसांना आजवरची सेवा धरून कायम करा. केंद्राच्या आकारानुसार बंधनकारक श्रेणी ठरवा आणि प्रत्येक श्रेणीला वेतन बांधून द्या. दीर्घ अनुभव असलेल्या कामगाराला केवळ शाळेचा दाखला नाही म्हणून खाली ढकलू नका. प्रत्येक पाळीत किमान माणसे, वायुमापक आणि विजेची तपासणी सक्तीची करा.

हे अशक्य नाही. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. तो वर्षानुवर्षांच्या संघटित झगड्याचा परिणाम होता. प्रत्येक शहरातील महापालिका कामगारांच्या संघटनांनी आपापल्या केंद्राच्या फाटकाशी जाऊन कोण कोणत्या पायरीचे काम करतो आणि कोणत्या पायरीचा पगार घेतो, याची यादी करावी. ‘कुशल मनुष्यबळाचा अभाव’ या आरोपाला ती यादीच पुरेसे उत्तर आहे. नदी शुद्ध करण्याचा लढा आणि कामगाराच्या हक्काचा लढा हे दोन लढे नाहीत. तो एकच आहे, आणि त्याची सुरुवात त्या फाटकापासून होते.