दरातली कपात पावतीवर का नाही?

परदेशातून देशात येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा 20.5 टक्के, केरळपेक्षाही जास्त, हा रिझर्व्ह बँकेच्या पाहणीतला 2023-24 चा आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. त्या पैशातून वाटेत किती गळते, ते मात्र कोणी सांगत नाही.

आमची मुलगी कळवणमध्ये घरी बसून परदेशी ग्राहकांसाठी डिझाइनची कामे करते. मोबदला एका ऑनलाइन पेमेंट कंपनीमार्फत येतो. या आठवड्यात आलेल्या 200 डॉलरचा हिशोब मी कागदावर मांडला आणि संताप आला. कंपनीने चार टक्के शुल्क सांगून कापले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण डॉलरचे रुपये करताना तिने लावलेला दर त्या दिवशीच्या बाजारदरापेक्षा साडेतीन टक्क्यांनी कमी होता. म्हणजे पंधरा डॉलर गेले. त्यातले आठ पावतीवर दिसले, सात कुठेच दिसले नाहीत.

कळवणच्या बाजार समितीत कांदा विकला की हिशोबपट्टीवर हमाली, तोलाई वेगवेगळी लिहून मिळते. भाव पडला तर शेतकरी हळहळतो, पण काय कापले ते त्याला कळते. डॉलर कमावणाऱ्या मुलीला तेवढाही हक्क नाही!

‘दर चढेपर्यंत थांबा’ असा सल्ला देणाऱ्यांनी नियम बघावेत. अशा कंपनीच्या खात्यात डॉलर साठवून ठेवता येत नाहीत. ते ठरावीक दिवसांत रुपये होऊन बँकेत जातातच, आणि दर कंपनीचाच लागतो. मोठा निर्यातदार ईईएफसी खात्यात, म्हणजे बँकेतल्या परकीय चलनाच्या खात्यात, काही काळ डॉलर ठेवतो, दरासाठी बँकेशी घासाघीस करतो. कागदावर ते खाते कोणालाही उघडता येते, पण दोनशे डॉलरवाल्याला ते कोण उघडून देणार? थेट बँकेत पैसे मागवावेत, तर मधल्या बँकांचे शुल्क आणि रूपांतरावर किमान 45 रुपये जीएसटी. रक्कम जितकी लहान, तितका हा भार जड. फेब्रुवारी 2023 मध्ये सिंगापूरशी यूपीआय जोडले गेले, चांगलेच झाले; पण ती सोय माणसाने माणसाला घरगुती पैसे पाठवण्यापुरती. स्थलांतरितांनी घरी पाठवलेल्या पैशांवरचा खर्च 2030 पर्यंत तीन टक्क्यांखाली आणायचे संयुक्त राष्ट्रांनी ठरवले आहे. मग घरी राहून कष्टाने मिळवलेल्या डॉलरवर साडेसात टक्के का?

31 ऑक्टोबर 2023 च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने अशा पेमेंट कंपन्यांना थेट आपल्या नियमनाखाली आणले आहे. म्हणजे अधिकार आहे, फक्त वापरायचा आहे. रूपांतर होण्याआधी बाजारदर, कंपनीचा दर आणि त्यातला फरक रुपयांत, एकाच ठिकाणी दाखवण्याची सक्ती करावी. फरक घ्यायचा तर नाव देऊन घ्यावा.

बँकांबद्दलही लिहिणे भाग आहे. मुलीने पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक, विचारला, तर शाखेत सांगितले, ‘घरखर्चाचा टाका, सोपा पडतो.’ तिची स्वतःची कमाई घरच्यांनी पाठवलेले पैसे म्हणून नोंदवायची? उद्या आयकर खात्याने विचारले तर उत्तर कोण देणार? पैसे परदेशातून आल्याचे प्रमाणपत्र मागितले, तर नाशिकच्या शाखेत जायला सांगतात. वणी-दिंडोरीमार्गे जायचे म्हणजे एका कागदासाठी अख्खा दिवस आणि त्या दिवसाचे काम बुडवायचे. आदिवासी तालुक्यातली मुले घरबसल्या काम मिळवू लागली आहेत, उद्या अभोणा-कनाशीतूनही मिळवतील. त्यांच्यासाठी प्रत्येक तालुक्याच्या शाखेत या व्यवहारांची माहिती असलेला एक तरी माणूस नेमावा आणि पर्पज कोडची यादी मराठीत लावावी.

– एक पालक, कळवण (जि. नाशिक)